बीपी, शुगर, थायरॉईड, हार्ट... रोजच्या पाच-सहा गोळ्या न चुकता कशा घ्यायच्या

मी फार्मासिस्ट आहे, दादरला मेडिकलच्या काउंटरवर असते. डॉक्टरांसमोर पेशंट काय सांगतो ते मला माहीत नसतं पण घरी तो काय घेतो आणि काय घेत नाही हे मला बऱ्याचदा डॉक्टरांच्या आधी कळतं. कसं, तर कागदावर सहा औषधं लिहिलेली असतात आणि हा माणूस दर महिन्याला चारच घेऊन जातो. बाकीच्या दोनचं काय विचारलं की उत्तर ठरलेलं, "आहेत घरी, शिल्लक आहेत." अहो पण शिल्लक राहिल्याच कशा? रोज घेतल्या असत्या तर एव्हाना संपायला नकोत का?

लांबच्या आजारांची औषधं श्रीमंत देशांतसुद्धा जेमतेम निम्मे लोक नीट घेतात असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलं होतं, आपल्याकडे त्याहून बरं असेल असं मला काउंटरवरून तरी वाटत नाही. घरचे लगेच म्हणतात, वय झालं, विसरतात. विसरणारे असतात, नाही असं नाही. पण जो माणूस सहापैकी चार रोज आठवणीने घेतो आणि दोनच विसरतो, तो विसरत नाहीये, त्याने त्या दोन निवडून सोडल्यात. कुणी तिने पाय सुजतात म्हणून, कुणी तिच्यामुळे ट्रेनमध्ये लघवीला लागते म्हणून, कुणी ती महाग आहे म्हणून. मग तुम्ही मोबाईलमध्ये दहा अलार्म लावा, काही फरक पडणार नाही. म्हणून सगळ्यात आधी शोधायचं ते हे, की नक्की कुठली गोळी सुटते आणि का सुटते. बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी पिशवी रिकामी करा

घरातली सगळी औषधं एका जागी ओता. फ्रीजवरचा डबा, पर्स, देवघराचा खण, ऑफिसच्या बॅगेतली कापलेली स्ट्रिप, सगळं. ज्याची औषधं आहेत त्याला शेजारी बसवा, त्याच्या अपरोक्ष करू नका, नाहीतर तो उद्यापासून लपवायला लागेल.

एक मावशी अशीच पिशवी घेऊन आल्या होत्या, हल्ली फार चक्कर येते म्हणून. पिशवीत टेल्मा निघाली, ती बीपीच्या डॉक्टरांची. आणि टेल्मिकाइंड निघाली, ती पाय दुखतात म्हणून दुसरीकडे गेल्या तिथे बीपी वाढलेलं दिसलं म्हणून लिहिलेली. दोन्ही स्ट्रिप उलट्या करून बारीक अक्षरं वाचली की दोन्हीवर एकच नाव, टेल्मिसार्टन. मावशींच्या हिशोबाने दोन डॉक्टरांची दोन औषधं, आणि त्या इमानदारीत दोन्ही घेत होत्या. त्याच पिशवीत इकोस्प्रिन एव्ही होती आणि वेगळी ॲटॉर्वा पण. आता इकोस्प्रिन एव्हीमध्ये ॲस्पिरिनच्या जोडीला ॲटोर्वास्टॅटिन असतंच, तो एव्ही त्याचाच. म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी पण डबल. मी लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, कुठली ठेवायची ते त्यांनी ठरवलं. हे तुम्हीही घरी बघू शकता, फक्त ब्रँडचं मोठं नाव सोडून खालचं बारीक नाव वाचायचं. एकच नाव दोन स्ट्रिपवर दिसलं तर स्वतःहून एक बंद करू नका, डॉक्टरांना किंवा निदान मेडिकलवाल्याला दाखवा, कधीकधी मुद्दाम दोन पॉवर मिळून लिहिलेल्या असतात.

पिशवी रिकामी झाली की एक कागद करा. एकच. त्यावर औषधाचं आतलं नाव, किती एमजी, कशासाठी, केव्हा, कुठल्या डॉक्टरांनी लिहिलं आणि कधीपासून. खाली ॲलर्जी असेल तर ती, आणि शेवटच्या रिपोर्टमधलं क्रिएटिनिन, कारण किडनी कशी आहे त्यावर निम्म्या औषधांचे डोस ठरतात. मराठीतच लिहा, ज्याला घ्यायच्यात त्याला वाचता यायला हवं. कागदाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये. आणि हा कागद प्रत्येक डॉक्टरला दाखवायचा, दातवाल्याला पण, डोळेवाल्याला पण, "तुमचा काय संबंध" असं म्हणायचं नाही. ॲन्जिओप्लास्टी झालेला माणूस दात काढायच्या आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून रक्त पातळ करायच्या गोळ्या चार दिवस बंद करून बसतो आणि हार्टच्या डॉक्टरांना पत्ता नाही, हे फार धोक्याचं आहे, स्टेंटमध्ये, म्हणजे हार्टच्या नळीत बसवलेल्या जाळीत, गुठळी होऊ शकते. काढा, कारल्याची पावडर, जांभूळ पावडर, गुडघ्यासाठी कुणी गावाहून पाठवलेलं चूर्ण, तेही त्या कागदावर लिहा. डॉक्टर ओरडतील म्हणून लोक हे लपवतात. ओरडू देत.

घड्याळ बाजूला ठेवा, दिवस बघा

डॉक्टर १-०-१ लिहितात, त्यांना सकाळी म्हणजे सकाळी एवढंच माहीत. तुमची सकाळ कशी आहे हे त्यांना कोण सांगणार? मुंबईत कुणाची सकाळ पाणी यायच्या वेळेला, पहाटे साडेचारला सुरू होते, कुणाची रात्रपाळी करून आल्यावर दहाला. त्यामुळे "आठ वाजता घ्या" यापेक्षा "हे केलं की घ्या" हे जास्त टिकतं. जी गोष्ट तुम्ही काही झालं तरी रोज करताच, तिला गोळी बांधून टाकायची.

थायरॉईडची गोळी घ्या. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा नाही की नाश्ता नाही. आता ज्या बाईला पाचला उठून चहा ठेवायचा, सहापर्यंत दोन डबे भरायचे, ती चहाशिवाय तासभर राहणार आहे का? ती गोळी आणि चहा एकत्रच घेते, आणि मग थायरॉईडच्या तपासणीतलं टीएसएच खाली का येत नाही म्हणून डोस वाढत जातो. अशांनी गोळी आणि पाण्याची बाटली उशाशी ठेवायची, पाणी भरायला उठलं की डोळे चोळत आधी गोळी. तेही जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते, फक्त शेवटचं खाणं होऊन तीनेक तास झालेले हवेत. कॅल्शियम आणि आयर्नची गोळी मात्र तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. सगळ्या गोळ्या एकदम एका घोटात संपवून टाकायची सवय असते ना, त्यात नेमकी हीच फुकट जाते.

शुगरच्या गोळ्यांचं गणित जेवणाशी आहे. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर, म्हणजे पोटाला त्रास कमी. ग्लिमेपिराइड असेल तर नाश्त्याच्या आधी किंवा नाश्त्याबरोबर, आणि इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ग्लिमेपिराइड घेतली की खायचंच. गोळी घेऊन "ऑफिसला पोचल्यावर खाईन" म्हणून लोकल पकडली आणि गाडी कुर्ल्याच्या अलीकडे अर्धा तास उभी राहिली की घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधार. कोलेस्टेरॉलच्या ॲटोर्वास्टॅटिनला वेळेचं बंधन नाही, कधीही घ्या पण रोज त्याच वेळेला. बऱ्याच जणांना रात्रीची गोळी हमखास चुकते, जेवून सीरियल बघता बघता झोप लागते. मग ती गोळी सकाळच्या गोळ्यांत हलवता येईल का हे विचारायला काय हरकत आहे? दिवसातल्या चार वेळांना वाटलेल्या गोळ्या डॉक्टरांनी दोनच वेळांत बसवून दिल्या तर अर्धं काम तिथेच झालं. दोन औषधं मिळून एक गोळी येते का, हेही विचारा.

आता ट्रेनवाल्यांची पाण्याची गोळी, म्हणजे लघवीवाटे अंगातलं जादा पाणी काढणारी. एक काका होते, हार्टचा त्रास, पायावर सूज, टॉर्सेमाइड सकाळी एक. ते डोंबिवलीहून यायचे, दादरला उतरून वेस्टर्नला चढायचे. ही गोळी घेतली की तासाभरात लघवी सुरू आणि पुढे काही तास चालूच. लोकलमध्ये टॉयलेट नसतं, पीक अवरला डोंबिवलीला चढलेला माणूस मध्ये उतरून परत चढू शकत नाही हे कुणाला सांगायला नको. त्यामुळे काकांनी गोळी फक्त रविवारी घ्यायची असं स्वतःच ठरवून टाकलं होतं. आठवड्याला एक! डॉक्टर बिचारे सूज उतरत नाही म्हणून पॉवर वाढवतायत आणि काका ती वाढवलेली पॉवर पण रविवारीच घेतायत. मी म्हटलं, काका हे डॉक्टरांना सांगितलंत का? तर म्हणे, "एवढ्या मोठ्या डॉक्टरला लघवीचं काय सांगायचं." मी त्यांच्या प्रिस्क्रिप्शनच्या मागेच लिहून दिलं, सकाळी दीड तास ट्रेन, गोळी घेत नाहीत. डॉक्टरांनी ऑफिसला पोचल्यावर घ्यायला सांगितली, संपला विषय. गोळीची वेळ बदलण्याआधी विचारा, पण विचारा तरी. ही गोळी फक्त संध्याकाळी उशिरा नको, नाहीतर रात्रभर उठाउठ, आणि म्हातारं माणूस अंधारात बाथरूमला जाताना पडलं की आणखीन एक दुखणं.

डबा आणि आपली हवा

सात दिवसांचा, सकाळ-दुपार-रात्र कप्पे असलेला डबा मिळतो, तो घ्या, फार महाग नाही. रविवारी एकदा भरायचा. त्याचा खरा फायदा म्हणजे "घेतली का नाही" हा वाद संपतो, कप्पा रिकामा म्हणजे घेतली. आठवत नाही म्हणून परत घेतली, असं बीपीच्या आणि शुगरच्या गोळीबाबत झालं की पंचाईत होते.

पण मुंबईच्या पावसाळ्यात पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे गोळ्यांचं काय. काही गोळ्या ओल फार पटकन धरतात, फिट्सची व्हॅल्प्रोएट त्यातली, रक्त पातळ करणारी डॅबिगॅट्रान तर मूळ पॅकिंगमधून बाहेर काढायचीच नाही असं कंपनीच सांगते. अशा गोळ्या स्ट्रिपसकट कापून कप्प्यात ठेवायच्या किंवा कप्प्यात नुसती चिठ्ठी टाकायची, "स्ट्रिपमधली घे". डबा किचनच्या ओट्यावर, बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको. स्ट्रिप कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा शेवटपर्यंत जपा, गोळ्या उलट्या बाजूने काढत जा. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असं काही लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी मोठी आहे म्हणून कुटायची नाही, चावायची नाही. आणि मेटफॉर्मिन एसआर घेणाऱ्यांना कधीकधी संडासात गोळीसारखं काहीतरी दिसतं आणि ते घाबरतात की गोळी विरघळलीच नाही, ते तिचं नुसतं टरफल असतं हो, औषध आधीच पोटात उतरलेलं असतं.

इन्सुलिनचा नवा स्टॉक फ्रीजमध्ये, २ ते ८ डिग्री, पण फ्रीजरमध्ये नाही आणि फ्रीजरला चिकटूनही नाही. गोठलेलं इन्सुलिन परत वितळवून वापरायचं नसतं. चालू पेन बाहेर साधारण चार आठवडे चालतं, पेनवर कागद चिकटवून उघडल्याची तारीख लिहा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवून खाली उतरू नका.

राहिली तर काय

दिवसातून एकदाची गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवलं तर बहुतेक वेळा घेता येते. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही. थायरॉईडची एखादी राहिली तर घाबरायचं कारण नाही, तिचा असर शरीरात बरेच दिवस राहतो. ग्लिमेपिराइड राहिली आणि जेवणही होऊन गेलं असेल तर झोपताना आठवली म्हणून घेऊ नका, रात्री झोपेत शुगर खाली गेली तर कुणाला कळणार? हार्टचा वॉल्व्ह बदललेले लोक रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम घेतात, त्यांनी राहिलेला डोस कॅलेंडरवर लिहायचा आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी) दाखवायला जाताना सांगायचंच. इन्सुलिनचं ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांकडून आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावं, सगळ्यांना एक नियम नाही.

काही गोळ्या अशा आहेत की त्या एकदम बंद केल्या तर उलटतात. मेटोप्रोलॉलसारख्या हार्टच्या गोळ्या, फिट्सच्या, बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड, बीपीची क्लोनिडीन. आणि स्टेंटनंतरच्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल. या संपायच्या आठवडाभर आधी आणून ठेवायच्या. स्ट्रिप कुठली १० ची, कुठली १५ ची, सगळ्या वेगवेगळ्या दिवशी संपतात, त्यामुळे माणूस "सगळ्या एकदमच आणू" म्हणून थांबतो आणि मधले चार दिवस एक गोळी नसतेच. मेडिकलवाल्याला सांगून एकदा सगळ्या एकाच तारखेवर आणा, पहिल्या वेळेला कुठली कमी कुठली जास्त घ्यावी लागेल, मग दर महिन्याला एकच फेरी.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणारे तर रोजचे आहेत. गोळीमुळे नॉर्मल आलंय, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

त्रास होतो म्हणून सोडली असेल तर

बीपीच्या ॲम्लोडिपिनने घोट्याजवळ सूज येते. बीपीच्याच रॅमिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो, लोक महिनोन्‌महिने खोकल्याची बाटली घेत राहतात. मेटफॉर्मिनने सुरुवातीला गॅस, जुलाब. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. मेटोप्रोलॉलने गळून गेल्यासारखं. या प्रत्येकाला पर्याय आहे, डोस कमी करता येतो, दुसरी गोळी देता येते, एसआर देता येते. अट एकच, डॉक्टरला कळलं पाहिजे. बीपीच्या काही गोळ्यांनी पुरुषांना बेडरूममध्ये अडचण येते, ती गोष्ट ना बायकोसमोर बोलता येते ना डॉक्टरसमोर, गोळी मात्र गुपचूप कचऱ्यात जाते. बोलता येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, डॉक्टरांनी असल्या चिठ्ठ्या भरपूर पाहिलेल्या असतात. (आणि त्यावर मित्राने दिलेली निळी गोळी हार्टच्या माणसाने परस्पर घेऊ नये, छातीत दुखण्यावरची सॉर्बिट्रेटसारखी औषधं चालू असतील तर बीपी एकदम कोसळतं.)

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर बी१२ तपासायला सांगा, ते कमी होतं.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लो मागणं बंद करा. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, त्यात पाण्याची गोळी आणि वर पेनकिलर, हे तिन्ही एकत्र आले की किडनीवर वाईट ताण येतो. आम्ही नाही म्हटलं की समोरच्या दुकानातून घेतात, म्हणून इथे सांगते. बहुतेकांना पॅरासिटामॉल चालतं, तेही विचारून.

पैशाचं बोलूया

महिनाअखेरीला कुठली गोळी पहिली सुटते माहितीये? जी घेतल्याचं काही जाणवत नाही ती. कोलेस्टेरॉलची, बीपीची. ॲसिडिटीची कधी सुटत नाही कारण तिने लगेच बरं वाटतं.

डॉक्टरला "परवडत नाही" म्हणायला लाजू नका, ते सांगितलं तर बदलून देतात. गेल्या काही वर्षांत शुगरच्या बऱ्याच महागड्या गोळ्यांची पेटंट संपली, व्हिल्डाग्लिप्टिनचं २०१९ ला, डापाग्लिफ्लोझिनचं २०२० ला, सिटाग्लिप्टिनचं २०२२ ला, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ ला, आणि मग दुसऱ्या कंपन्यांनी त्याच औषधाच्या स्वस्त गोळ्या काढल्या. जुनं प्रिस्क्रिप्शन झेरॉक्स काढकाढून वापरणारे मात्र अजून तोच महाग ब्रँड नेतात. एकदा विचारा, यात स्वस्त काय आहे. जनऔषधी केंद्रात ब्रँडेडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असं सरकार सांगतं, तिथे आतलं नाव घेऊन जायचं, ब्रँडचं नाव घेऊन गेलात तर गोंधळ होतो. महापालिकेचे आपला दवाखाना आहेत, केईएम, नायर, सायनच्या ओपीडी आहेत, केसपेपर जपून ठेवा. ब्रँड बदलला की गोळीचा रंग-आकार बदलतो आणि म्हातारी माणसं "ही माझी नाही" म्हणून बाजूला ठेवतात, किंवा जुनी आणि नवी दोन्ही घेतात. त्या दिवशी घरातल्या कुणीतरी दोन मिनिटं समजावून सांगायचं, जुनी स्ट्रिप घरातून काढून टाकायची. रोज अर्धी गोळी घेऊन महिनाभर पुरवायचं गणित मात्र करू नका.

उपास, गणपती, पावसाळा

एकादशी, संकष्टी, नवरात्र, उपास धरू नका म्हणून कुणी ऐकणार नाहीये, मी पण सांगणं सोडलंय. पण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा की त्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन, यात उपासाला शुगर खूप खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनवाल्यांनी निर्जळी तर अजिबात नको. आणि दुसऱ्या टोकाला साबुदाणा खिचडी, बटाटा, वरीचे तांदूळ, याने दुपारी शुगर आभाळाला. शुगर लो झाली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग काहीतरी खायचं. पण तुमच्या गोळीत व्होग्लिबोज असेल, स्ट्रिपवर वाचा, तर साध्या साखरेने शुगर लवकर वर येत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. एक छोटं पाकीट बॅगेत ठेवाच. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल.

गणपतीला कोकणात जाताना औषधं हातातल्या पिशवीत, गाडीच्या टपावरच्या बॅगेत नाहीत. परतीचं तिकीट पुढे ढकललं जातंच, म्हणून चार दिवसांची जास्त. गावच्या मेडिकलमध्ये तुमचा ब्रँड नसेल, तेव्हा तो आतल्या नावांचा कागद कामाला येतो.

उलट्या-जुलाब, ताप, काही खाल्लं जात नाही, अशा वेळी काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, पाण्याची गोळी, टेल्मिसार्टनच्या जातीतल्या, कारण अंगातलं पाणी कमी झालं की किडनीला जड जातं. कुठल्या थांबवायच्या आणि परत कधी चालू करायच्या हे धडधाकट असतानाच विचारून त्या कागदाच्या मागे लिहून घ्या, रात्री दोन वाजता जुलाब चालू असताना डॉक्टर फोन उचलत नाही. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. पाण्यातून चालत घरी आलात आणि लेप्टोसाठी (साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) डॉक्सिसायक्लिन दिली तर ती आयर्न, कॅल्शियम, ॲन्टासिडबरोबर घेऊ नका, काम करत नाही.

घरच्यांनी

"गोळ्या घेतल्या का?" हे दिवसातून सहा वेळा विचारलं की समोरचा हो म्हणतो, घेतल्या असोत वा नसोत. त्यापेक्षा डब्याचा फोटो मागा. मुलगा पुण्याला किंवा अमेरिकेत असेल तर रोज रात्री रिकाम्या कप्प्याचा फोटो व्हॉट्सॲपवर, एवढंच. डबा कोण भरणार हे एका माणसाचं काम ठरवा, सगळ्यांचं ठेवलं की कुणाचंच होत नाही. आणि घरातली बाई सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या सगळ्या गोळ्या काढून हातात देते पण स्वतःच्या राहतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता नवऱ्याची औषधं घ्यायला आलेल्या काकूंना मी आधी विचारते, "तुमच्या थायरॉईडची संपली असेल ना?" बहुतेक वेळा संपून आठवडा झालेला असतो.

पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना

सगळ्या स्ट्रिप घेऊन जा, उरलेल्या गोळ्यांसकट. हे लपवायचं नसतं. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांची शुगर सांगतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात शहाण्यासारखं वागून तो फसत नाही, फसतात ते डॉक्टर, आणि डोस वाढतो. मग एके दिवशी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झालात की नर्स तो वाढलेला डोस कागदाप्रमाणे रोज वेळेवर देते आणि बीपी नाहीतर शुगर धाडकन खाली येते. म्हणून सरळ सांगायचं, "ही मी आठवड्यातून तीनदाच घेते, कारण असं असं."

आणि एक प्रश्न जरूर विचारा, यातली कुठली आता बंद करता येईल का? तीन वर्षांपूर्वी ॲडमिट असताना ॲसिडिटीची पॅन लिहिलेली असते, ती डिस्चार्ज कार्डावरून प्रिस्क्रिप्शनवर येते आणि मग कुणी काढतच नाही. कुणाला ती लागते, दोन-दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मुद्दामच दिलेली असते. कुणाला लागत नाही. झोपेची, चक्करची, व्हिटॅमिनची, यादीतल्या प्रत्येकीबद्दल विचारा. एक जरी कमी झाली तर उरलेल्या घ्यायला सोप्या जातात, आणि आम्हाला एक स्ट्रिप कमी विकली गेली तरी चालेल.